ऱ्होडियम आणि ट्रॅक्टरची ट्यूब

काम जमलं असतं तर उद्धवला काय काय मिळणार होतं, त्याची बेरीज आधी करून घेऊ. नावाच्या आधी 'डॉक्टर' लागणार होतं. ते लागलं की कायम जागेच्या मुलाखतीला बसता येणार होतं. मुलाखतीत त्याचंच नाव निघेल असं नव्हे, पण बाहेरच्या बाकड्यावरून आतल्या खुर्चीपर्यंत तरी मजल गेली असती. त्याची बायको सविता माहेरी गेली की 'हे कॉलेजात असतात' एवढं बोलून पटकन चहा टाकायला उठायची, म्हणजे पुढचा प्रश्न येऊ नये. तिला मग बसून राहता आलं असतं. एवढंच. परभणीच्या एका कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाची हाव याच्यापुढं जात नाही. तासिका तत्त्व म्हणजे जेवढा तास शिकवला तेवढ्यापुरता प्राध्यापक. घंटा झाली की पुन्हा नुसता उद्धव.

त्याचे मार्गदर्शक व्यंकटराव सर. त्यांची बेरीज मोठी होती. मेअखेर ते निवृत्त होणार होते, आणि त्याआधी समुद्रकाठच्या एका पेट्रोकेमिकल कंपनीचे साहेब त्यांचं संशोधन बघायला येणार होते. 'त्यांचं' म्हणजे उद्धवनं केलेलं. साहेबांच्या मनात भरलं तर सरांना निवृत्तीनंतर तिथं सल्लागार म्हणून बसता आलं असतं. घरी बसून सुनेचे सल्ले ऐकण्यापेक्षा ते बरं.

ही सगळी मंडळी ज्याच्या जिवावर पंगतीला बसली होती, ते अंगठ्याएवढ्या बाटलीत मावलं होतं. ऱ्होडियम नावाच्या धातूच्या संयुगाची पिवळी पूड. सोन्याहून महाग, आणि सोन्यासारखी मिरवता येत नाही म्हणून सोन्याहून बिनकामाची, असं प्राचार्यांचं मत.

तेलाच्या कारखान्यातून ऑलेफिन म्हणून एक पाण्यासारखं द्रव्य निघतं. त्याला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे दोन वायू दाबाखाली चारले की त्याचं अल्डिहाइड होतं, आणि अल्डिहाइडातून पुढं प्लॅस्टिक मऊ करायचा माल निघतो. ताडपत्री, वायरीचं आवरण, पावसाळी चप्पल, सगळ्यांचा मऊपणा मुळात तिथला. पण ऑलेफिन आणि वायू आपण होऊन एकमेकांकडं बघतही नाहीत. मध्ये धातू लागतो. कोबाल्ट चालतो, स्वस्तही पडतो, पण तो दांडगट, त्याला दाब फार लागतो. ऱ्होडियम हलक्या हाताचा. थोड्या दाबात, थोड्या आचेवर तो सोयरीक जमवून देतो आणि सुपारी खाऊन पुढच्या मांडवात जातो. उद्धव वर्गात असंच सांगायचा, पोरं हसायची. मग तो आवाज खाली आणून म्हणायचा, "ह्या मध्यस्थाला एकच वावडं. गंधक. गंधक भेटला की हा त्यालाच धरून बसतो, पुन्हा उठत नाही." पोरं लिहून घ्यायची. लिहून घेतलेलं विसरायला सोपं जातं, आणि दर वर्षी सांगितलेलं त्याहून सोपं.

प्रयोगाचं भांडं जाड स्टीलचं होतं. कुकरचा थोरला भाऊ म्हणा. वर बोल्टांनी आवळायचं झाकण, झाकणावर दाबाचा काटा. वायू भरला की काटा चढायचा. आत काम सुरू झालं की वायू खर्ची पडायचा आणि काटा सावकाश उतरायचा. त्या उतरत्या काट्यावर उद्धव जगत होता. ज्या दिवशी काटा उतरे, त्या दिवशी त्याच्या शर्टाला एक हिरवट, तेलकट, नासक्या फळासारखा वास येई. सविता शर्ट चिमटीत धरून म्हणे, "आज जमलेलं दिसतंय." एरवी त्या वासाला तिनं नावं ठेवली असती.

मार्चात झाकणाची पांढरी टेफ्लॉनची रिंग चिरली. काटा भराभर उतरायला लागला, पण तो काम होऊन नव्हे, गळून. भिंतीवरचं वायूचा इशारा देणारं यंत्र केकाटलं आणि शेजारच्या वर्गातली पोरं सुट्टी झाली समजून घरी गेली.

"सर, रिंग मागवावी लागेल," उद्धव म्हणाला.

"मागवा की."

"बाहेरून येते. कंपनीचे साहेब येऊन जातील, मग येईल."

व्यंकटरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अवघड गोष्ट त्यांना न दिसलेली बरी वाटे. "अहो उद्धवराव, रिंग म्हणजे काय, गोल भोकाचा वायसरच ना? आपल्याकडं पंपाचे, इंजिनाचे वायसर रोज होतात. इथंच कुणाकडून करून घ्या. फक्त गळायला नको."

कुणाकडून हा प्रश्नच नव्हता. उद्धवचा थोरला भाऊ भुजंग ताडकळसला पंक्चरचं दुकान चालवायचा. ट्रॅक्टर, मोटारसायकली, बैलगाडीची टायरं, सगळं. भुजंगनं दहावीत शाळा सोडली ती धाकट्याला परभणीत ठेवता यावं म्हणून. हे दोघांपैकी कुणीच कधी बोलून दाखवलं नव्हतं, त्यामुळं ते जसंच्या तसं ताजं होतं. इतक्या वर्षांत उद्धवनं त्याच्याकडं कॉलेजच्या कामाचं काही मागितलंही नव्हतं. पंक्चरवाल्याकडं कॉलेजचं काय मागणार?

भांडं झाकणासकट पोत्यात गुंडाळून तो मोटारसायकलवर ताडकळसला गेला. बाजाराचा दिवस होता. दुकानाच्या कपाळावर लाल अक्षरात 'वल्कनायझिंग' लिहिलेलं, खाली पाण्याचं घमेलं, आणि घमेल्यात हात घालून बसलेला भुजंग.

"या प्रोफेसर! तुमच्या कॉलेजात वायसर भेटंना झाला का?"

"भेटतो दादा. पर येयला उन्हाळा सरंल."

"तवर काय झाकणावर बसून ऱ्हातूस? आण हिकडं." भुजंगनं झाकण उलटंपालटं केलं, खाचेतून बोट फिरवलं, आणि चिरलेली पांढरी रिंग दोन बोटांत धरली. "हे खोबऱ्याच्या कातळीवानी कडक हाय. दाब आला की चिरणारच. ह्याला मऊ पायजे. दबणारं पायजे."

मग ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची जाड ट्यूब निघाली. भुजंगनं खडूनं वर्तुळ काढलं आणि असं कापलं की उद्धव, ज्यानं आयुष्यात एकही सरळ रेघ पट्टीशिवाय मारली नव्हती, बघतच राहिला. रिंग खाचेत बसली, झाकण आवळलं, हवा भरली, भांडं हौदात बुडवलं. पाण्यावर एक बुडबुडा नाही.

"तापवलं तर?" उद्धवनं विचारलं.

"तापलं तर फुगंल. फुगलं तर आनिक गच्च बसंल. रबर हाय ते, माणूस न्हाई, तापल्यावर ढिलं पडायला."

भुजंगची बायको कस्तुराबाई दुकानाच्या मागच्या दारी पायातली जोडवी काढून राखेनं घासत बसली होती. "भावजी, तुमच्या भावाच्या रबरापायी माझ्या चांदीला काय रया ऱ्हायली न्हाई. ह्या दुकानात घटकाभर बसलं की काळी. लोकाच्या बायका सोनं मागत्यात, मी म्हनते हाय ती चांदी तरी पांढरी ऱ्हाऊ द्या."

"तुज्या पायाचा रंग लागला आसंल," भुजंग म्हणाला.

"बघा की भावजी, ह्ये आसं बोलतेत."

उद्धव हसला, चहा प्याला, आणि वल्कनायझिंगच्या पाटीखालून रिंग घेऊन निघाला. वल्कनायझिंग म्हणजे रबर गंधकाबरोबर शिजवणं. हे तो दुसऱ्या वर्षाला शिकवायचा. पण ते परभणीत. ताडकळसला त्या शब्दाचा अर्थ दादाचं दुकान एवढाच होता. एकाच डोक्यात दोन खोल्या होत्या, आणि मधलं दार कित्येक वर्षं कुणी उघडलं नव्हतं.

भांडं भरलं, तापवलं, काटा चढला. आणि तिथंच थांबला.

पहिल्यांदा उद्धवला बरंच वाटलं. गळत नव्हतं. मग तास गेला, दुपार गेली. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं, आत काटा ढिम्म. वीज गेली, आली. काटा आपला जागच्या जागी, दर्ग्यातल्या फकिरासारखा निश्चिंत. संध्याकाळी फोन आला.

"काय रं, सुई हालली का?"

"न्हाई दादा."

"आजाबात न्हाई?"

"आजाबात न्हाई."

"मंग!" फोनमधून भुजंगचा आनंद सांडत होता. "मी म्हनलो व्हतो का न्हाई? आरं, म्हागाईचा माल म्हंजी चांगला माल आसं आसतंय व्हय?"

उद्धव 'हो' म्हणाला. काटा उतरायला हवा असतो, हे सांगायला त्याला त्या दिवशी फार लांबून सुरुवात करावी लागली असती, आणि तो दमला होता. घरी सवितानं शर्ट नाकाशी नेला आणि बादलीत टाकला.

त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा काटा तसाच. मग त्यानं संशयितांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. ऑलेफिनची बाटली जुनी असेल. सिलिंडरमधले वायू नीट मिसळलेले नसतील. विजेचा दाब कमी, म्हणून आच कमी. पूडच मुळात भेसळीची आली असेल, काय सांगावं. भांडं त्यानं धुतलं, वाळवलं, पुन्हा धुतलं. ज्याच्यावर संशय घ्यायचा त्या प्रत्येकावर घेतला, फक्त रिंग सोडून. साऱ्या खोलीत ती एकटीच आपलं काम चोख करत होती. आणि भावानं दिलेल्या वस्तूकडं माणूस संशयानं बघत नाही, निदान उद्धवसारखा तरी बघत नाही.

बाटली तळाला आली. शेवटची चिमूट त्यानं साहेब येतील त्या दिवसासाठी ठेवली.

"जुने आकडे तर चांगले आहेत ना?" व्यंकटराव म्हणाले.

"आहेत सर. पण साहेब समोर बघायचं म्हणाले."

"मग त्या दिवशी जमेल. पाहुण्यांसमोर होतं. माझ्या थोरल्याचं लग्न असंच जमलं."

तो दिवस उजाडला. उद्धवनं सकाळीच ती चिमूट भांड्यात सोडली, झाकण आवळलं, वायू भरला, आच दिली, आणि काट्याकडं बघत बसला. बघून काटा उतरला असता तर तो एव्हाना शून्यावर असता. साहेबांची गाडी यायला घटकाभर अवकाश होता, तेवढ्यात दारात भुजंग आणि कस्तुराबाई. भुजंगच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा. हाताच्या रेघांतली काळी ग्रीस मात्र घासूनही निघाली नव्हती.

"दादा, तुमी?"

"का? आमच्या वायसरला बघायला सायेब येयलाय आन आमी येऊ नये?" भुजंग भांड्याजवळ गेला आणि दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या चाकाकडं बघावं तसा वाकला. काट्यावर टिचकी मारायची त्याला फार इच्छा झाली, पण त्यानं हात मागं बांधले. "उभी हाय का न्हाई? बघ, कशी उभी हाय!"

"ह्येंनी रातभर झोपू दिलं न्हाई," कस्तुराबाई म्हणाली. "म्हने केलेला दुसरा वायसर बी नेऊ, जोड आसावा. आठ दिस झालं करून ठिवलाय. घ्या भावजी." तिनं कमरेची पिशवी सोडली, आतून फडक्याची गाठ काढली, आणि गाठ सुटल्याबरोबर कपाळाला हात लावला. "आगं बया! माझा छल्ला!"

फडक्यात काळी नवी रिंग होती, आणि रिंगेला चिकटून तिचा चांदीचा किल्ल्यांचा छल्ला. रबराला लागलेली बाजू कोळशासारखी झाली होती.

"ह्यो बी ह्याच फडक्यात बांधून ठिवलता मी, कुठं हारवू नये म्हनून. घासून लखलखीत केलता! बघा भावजी, आता ह्ये काय म्हनावं?"

उद्धवनं छल्ला हातात घेतला. चांदी काळी पडते ती कशानं, हे तो पहिल्या वर्षाला शिकवत होता. गंधकानं. काळ्या बाजूवरून त्यानं अंगठा फिरवला, मग पांढऱ्या बाजूवरून. आणि अकरा वर्षं बंद असलेलं ते दार उघडलं, तेही आतून नव्हे, वैनीच्या कमरेवरच्या किल्ल्यांनी. रबर, वल्कनायझिंग, गंधक. तापलेल्या भांड्यात रिंग फुगत होती, गच्च बसत होती, आणि बसल्या बसल्या ऱ्होडियमला गंधक चारत होती. सगळी बाटली तिनं अशीच मारली होती. शेवटची चिमूट या क्षणी आत मरून पडली होती. काटा उभा होता तो म्हणून.

त्याला राग यायला हवा होता. आला तो नुसता थकवा, उन्हातून चालून आल्यावर पाय धुताना येतो तसा.

"काय झालं रं?" भुजंगनं विचारलं.

"काय न्हाई. छल्ला घासला की निघंल."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. पुढं व्यंकटराव, मागं प्राचार्य, मध्ये कंपनीचे साहेब. साहेब साधेच होते, घामानं डबडबलेले, आणि ज्यांनी नुसती खुर्ची नव्हे कारखानाही बघितलाय अशा माणसाची त्यांची चाल होती. त्यांनी हार घेतला, बाजूला ठेवला, आणि सरळ काट्यापाशी गेले.

"कधी लावलंय?"

"सकाळी," उद्धव म्हणाला.

"आणि एवढ्या वेळात गॅस खाल्लाच नाही?"

व्यंकटरावांनी चष्मा काढला.

साहेब वाकले. झाकणाच्या फटीतून रिंगेची काळी कड बाहेर आली होती, फुगून. त्यांनी तिला नख लावलं, नख नाकाशी नेलं. मग सावकाश विचारलं, "ही रिंग कुठली?"

खोलीत तेवढा एकच माणूस असा होता ज्याला या प्रश्नाचं उत्तर द्यायची मनापासून हौस होती. भुजंग पुढं झाला. सदरा खाली ओढला. "सायेब, आपल्याच दुकानाची. ताडकळस. ट्रॅक्टरच्या ट्यूबची हाय, मागच्या चाकाच्या. तुमच्या तिकडं लागल्या तरी करून देतो. मी ह्याचा थोरला भाऊ."

साहेबांनी भुजंगकडं बघितलं, त्याच्या हाताच्या रेघांकडं बघितलं, आणि बोलायला तोंड उघडलं.

उद्धवला माहीत होतं ते काय बोलणार ते. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य झालं की त्याची सुटका होती. चूक रिंगेची, संशोधन खरं. रिंग इथंच करून घ्या म्हणणारे सर समोर उभेच होते. जुने आकडे उभे राहिले असते, साहेबांनी कदाचित नवी पूडही देववली असती. सगळं मिळून फार तर एका पांढऱ्या सदऱ्याची किंमत. आणि तो सदरा आज सकाळी लोखंडी इस्त्रीत कोळसे घालून वैनीनं कडक केला होता.

"साहेब," उद्धव मधेच म्हणाला, "रिंग चांगली आहे. बघा ना, गळत नाही. चूक माझी झाली. पुडीची बाटली माझ्याकडून उघडी राहिली. हवा लागली. सगळी वाया गेली."

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी उद्धवकडं बघितलं, मग भुजंगकडं, मग पुन्हा उद्धवकडं. हवेनं असं एका रात्रीत होत नाही हे त्यांना कळत होतं. बहुधा त्यांनाही थोरला भाऊ असावा. त्यांनी तोंड मिटलं.

"होतं असं," ते म्हणाले.

"होतं कसं?" व्यंकटरावांचा आवाज चढला. "सोन्याच्या भावाची वस्तू, आणि झाकण उघडं? निवृत्तीच्या तोंडावर माझ्या नावाला हे? उद्धवराव, तुमच्या प्रबंधावर मी आता सही कशी करू?"

आणि मग जे झालं त्याची तयारी उद्धवनं केली नव्हती. भुजंग त्याच्याकडं वळला, सगळ्यांच्या देखत.

"झाकन लावायला काय झालं व्हतं रं तुला? घरी दुधाचं पातेलं बी उघडं टाकायचास, मायनं कितींदा मारलं. इतकी लोकं येयलेत, इतका खर्च, आन तू झाकन न्हाई लावलं? आरं, मी पंक्चरवाला, पर माझ्या सोल्युशनच्या डबीचं झाकन कदी उघडं बघितलंस का?"

"न्हाई दादा."

"मंग?"

"चुकलं."

"चुकलं म्हनं." भुजंगनं साहेबांपुढं हात जोडले. "सायेब, लहान हाय. पदरात घ्या."

लहान बेचाळीस वर्षांचा होता. साहेबांनी चहा घेतला, बिस्किट घेतलं नाही, आणि गाडीत बसताना उद्धवला जरा बाजूला घेतलं. "रिंग बदला," ते हळूच म्हणाले.

"बदलतो साहेब. पूड मिळाली की."

"हं," साहेब म्हणाले. पूड मिळणार नव्हती हे दोघांनाही माहीत होतं. गाडी धूळ उडवत गेली.

बसस्टँडवर भुजंग सदऱ्यावरची धूळ झटकत राहिला. बस लागल्यावर म्हणाला, "एक मात्र हाय. सायबानं वायसरला नाव न्हाई ठिवलं."

"न्हाई ठिवलं."

"वास घेऊन बघितला त्यानं. पारखी मानूस." मग खिडकीतून, "झाकनं लावत जा."

कस्तुराबाई पलीकडं वळून बसली होती, पदराच्या टोकानं छल्ला घासत. निघत नव्हता.

आता वजाबाकी. व्यंकटराव मेअखेर शाल आणि श्रीफळ घेऊन निवृत्त झाले; सल्लागाराची खुर्ची गेली, तरी निरोपाच्या भाषणात त्यांनी 'हलगर्जी शिष्य' म्हणून दोन वाक्यं बसवून घेतली, म्हणजे अगदीच रिकाम्या हातानं गेले नाहीत. साहेबांनी एक चहा घेतला आणि एक वाक्य गिळलं. प्राचार्यांचा फोटो पेपरात आला, त्यात भांडं नीट दिसतं. भुजंगच्या दुकानावर वल्कनायझिंगच्या खाली नवी ओळ आली, 'कॉलेजच्या मशीनचे वायसर करून मिळतील', आणि खरोखरच पूर्णेहून एक जण पिठाच्या गिरणीचा करून घेऊन गेला. कस्तुराबाईचा छल्ला काळाच राहिला. तिनं तो कमरेला उलटा खोचायला सुरुवात केली. सविता माहेरी गेली की अजून चहा टाकायला उठते. उद्धव जूनपासून पुन्हा तासिका तत्त्वावर आहे, मार्गदर्शक नवा मिळायचा आहे, आणि पहिल्या वर्षाला चांदी काळी का पडते हे शिकवताना तो आता फळ्याकडं तोंड करून बोलतो.

म्हणजे जमा सगळ्यांच्या खात्यावर थोडीथोडी झाली. भरणा तेवढा एकट्यानं केला, आणि ज्याच्यासाठी केला तो अजून म्हणतो, पोराला झाकण लावायची अक्कल नाही.